चोर्ला घाटातल्या त्या तिघांचे आभार

गणेश चवथीच्या आदल्या शनिवारी गोव्यातलं केरी गाव सोडून चोर्ला घाट चढताना आमच्या जुन्या व्हॅनचा तापमानाचा काटा लालला टेकला. हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील) गेलं असणार म्हणून मी मनात खर्च मोजत होतो. थांबलेल्या तिघांतल्या वयस्क पात्रांवाने (आमच्याकडे मालक, साहेब अशा अर्थाची हाक) इंजिन थंड होऊ दिलं, चालू करायला लावून लांब स्क्रूड्रायव्हर वॉटर पंपाला टेकवला, मूठ कानाला. मग इंजिन बंद, पट्टा सैल, पुली हलवली: खडखड! बेअरिंग झिजलेलं, खालच्या बारीक भोकातून कूलंटचा हिरवा ओघळ. दुसऱ्याने साखळी गावाहून नवा पंप आणला, तिसऱ्याने हवा काढत कूलंट भरला. मजुरी नको म्हणाले, नेवऱ्या (चवथीच्या करंज्या) मात्र डबाभर संपवल्या! नावं विचारायची राहिली. देव बरें करूं, भावांनो.