पावसाळ्याआधी नागपूरला या

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर गाव सोडायचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई रडते, म्हणून लिहिते आहे. मानेवाड्याला आमच्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या तुमच्यासाठी घेतल्या. आगाऊ पैसेही दिले. आधी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पोळा होऊ दे, मग दिवाळी होऊ दे. बाबांचा दम तेवढा थांबणार नाही. कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांची धूळ रात्रंदिवस घरात येते आणि डॉक्टरांनी या पावसाळ्यात तिथे राहू नका असं स्पष्ट सांगितलंय.

बाबा, तुम्ही आजोबांचं म्हणणं धरून बसलात, हे मला ठाऊक आहे. वरोऱ्याची इंग्रजांची खाण, जिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली, तीसुद्धा 1906 मध्ये बंद पडली. म्हणून आजोबा म्हणायचे, खाणी येतात नि जातात, गाव राहते. पण तेव्हा कोळसा जमिनीखालून निघायचा, वर कपाशीची पऱ्हाटी उभी असायची. आताच्या खुल्या खाणीत आधी वरची मातीच काढतात. आपली काळी माती त्या ढिगाऱ्यात खाली दबली आणि तिच्यावर मुरूम-दगड आला. आणि जुन्या भूमिगत खाणींचाही काय भरवसा? 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं, तुम्हीच तर सांगितलं होतं. आपल्या देवघरामागची भेग दर ब्लास्टिंगला वाढते आणि आई ती शेणामातीनं लिंपत राहते. मला रात्री झोप लागत नाही, आई.

जमिनीचं मी वकिलांना पुन्हा विचारलं. 1957 च्या कोळसा कायद्यात सेक्शन नऊची घोषणा झाली की जमीन सरकारकडे जाते, मग मोबदल्याचाच वाद उरतो. तो वाद आपण सोडायचा नाही. प्रत्येक तारखेला मी तुमच्यासोबत येईन. गाव सोडलं म्हणजे हक्क सोडला, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दादालाही काही बोलू नका. खाणीत गेलेल्या दोन एकरामागे एक नोकरी होती, ती त्यानं घराकडे बघूनच घेतली.

इथे नळाला पाणी आहे. तिथे खाणीनं विहिरी आटवल्यापासून आईचा अर्धा दिवस टँकरची वाट बघण्यात जातो. मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे चूल मांडता येईल आणि अंबाडी लावता येईल. लाखोळीची डाळ बाजारात मिळते, मी आणून ठेवलीय. मारुतीचं देऊळ जवळ आहे, पायऱ्या दोनच.

बाबा, तान्ह्या पोळ्याला तुम्ही सुताराकडून करून आणलेला चाकाचा बैल माझ्याकडे आहे. एक शिंग तुटलंय. त्याला तोरणाखाली नेताना तुम्ही मागून झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, सांगायचात आणि मी चुकीची म्हणायची. त्या झडत्या आता तुम्हालाच येतात. वहीत लिहा. मातामायच्या पारापासून नाल्यापर्यंत कोणाचं घर कुठे होतं, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, कोण कोणत्या वसाहतीत गेलं, सगळं. अर्धी घरं पडलीत, पोरं विखुरलीत. नकाशा मी काढीन, तुम्ही सांगत जा.

आता ऐका. संध्याकाळनंतर ढिगाऱ्याकडे अजिबात जायचं नाही, त्या झुडपांत वाघ फिरतो. बाबा, दम्याचा पंप दोन्ही वेळ घ्यायचा, बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही. आई, तू जड काही उचलू नकोस. पितळी गुंड आणि जातं गाडीत आणू, पण पाटा राहू दे, इथे आहे. घराच्या मोजणीचा कागद, जुना सातबारा आणि दोघांची आधार कार्डं पत्र्याच्या पेटीत एकत्र ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. मृगाआधीच्या रविवारी गाडी घेऊन येते. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा, त्यांचंही सामान थोडं मावेल.

तुमची,
बेबी