औद्योगिक सुरक्षा बैठकांच्या नोंदणीत गरजेपुरतीच माहिती घ्यावी

संपादक महोदय,

गोव्यातील औद्योगिक वसाहतींसाठी वेगवेगळ्या सरकारी खात्यांतर्फे सुरक्षाविषयक बैठका, कार्यशाळा आणि मॉक ड्रिल घेतल्या जातात. फोंडा तालुक्यातील एका कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारा माणूस म्हणून मी या बैठकांना जात असतो आणि त्या व्हायलाच हव्यात, किंबहुना अधिक वेळा व्हायला हव्यात, असे माझे मत आहे. 19 जानेवारी 2018 रोजी पहाटेच्या अंधारात चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटून वायुगळती झाली, तेव्हा आसपासच्या लोकांना झोपेतून उठवून घराबाहेर काढावे लागले होते. 10 जानेवारी 2023 रोजी पिळर्ण औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा धूर बार्देशातील लोक अजून विसरलेले नाहीत. अशा वेळी अग्निशामक दल, पोलीस, मामलेदार कार्यालय, शेजारचा कारखाना आणि पंचायत यांतील माणसांची एकमेकांशी आधीपासून ओळख असली, तर सुरुवातीची मोलाची मिनिटे वाया जात नाहीत, आणि ही ओळख बैठकीतच होते. म्हणूनच या बैठकांना येणाऱ्यांकडून ऑनलाइन नोंदणीच्या नावाखाली जी माहिती गोळा केली जाऊ लागली आहे, तिच्याविषयी जाहीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

अलीकडेच एका सरकारी कार्यालयाने बोलावलेल्या अशा एका बैठकीसाठी आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर नोंदणीची लिंक आली. नाव, हुद्दा, कारखान्याचे नाव, मोबाईल क्रमांक आणि ईमेल इथपर्यंत आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. त्यापुढे मात्र घरचा पत्ता, रक्तगट, वाहन क्रमांक, आधार क्रमांक आणि आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले होते; आणि त्याही पुढे, कारखान्यात प्रत्येक पाळीला किती रखवालदार असतात, सीसीटीव्ही कॅमेरे किती व कोठे आहेत, त्यांतील चालू किती, कोणती घातक रसायने किती प्रमाणात साठवली जातात आणि तो साठा आवारात नेमका कोठे आहे, असे प्रश्न होते. प्रत्येक प्रश्नापुढे लाल तारांकन होते, त्यामुळे एकही रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. हा फॉर्म सरकारी संकेतस्थळावर नव्हता. बाहेरच्या मोफत सेवेवर कोणीतरी आपल्या खात्यातून तयार केलेला होता. माहिती कशासाठी हवी, ती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, यांविषयी त्यात एक ओळही नव्हती. भरून पाठवल्यावर पडद्यावर ‘आधीची उत्तरे पाहा’ अशी लिंक आली, आणि तिच्यावर बोट ठेवताच माझ्याआधी नोंदणी केलेल्या लोकांची उत्तरे प्रश्नवार समोर उभी राहिली: नावे, मोबाईल क्रमांक, रसायनांचे साठे, रात्रपाळीचे रखवालदार, सगळे एकाखाली एक.

मी लगेच त्या कार्यालयाला फोन केला आणि दुपारपर्यंत ती लिंक बंद झाली, याबद्दल तेथील कर्मचाऱ्यांचे मी आभारच मानतो. त्यांचा हेतू वाईट होता असे मला मुळीच वाटत नाही. घाईत फॉर्म तयार करताना एक पर्याय सुरू राहून गेला असणार. पण तोपर्यंत ती उत्तरे कोणी पाहिली आणि कोणी उतरवून घेतली, हे सांगण्याची सोय आज कोणाकडेच नाही.

या माहितीतील एकेक तुकडा वेगळा पाहिला तर त्यात फारसे काही वाटत नाही. धोका तयार होतो तो सगळे तुकडे एका तक्त्यात आले की. कोणत्या आवारात रात्री दोनच रखवालदार असतात आणि मागच्या कुंपणाकडचा कॅमेरा बंद आहे, एवढे कळले तर तांब्याच्या तारा किंवा यंत्रांचे सुटे भाग चोरणाऱ्या टोळीला टेहळणीचे कष्टच उरत नाहीत. घातपात करू पाहणाऱ्याला काय मिळेल, ते मी येथे लिहीत नाही. फसवणुकीचे फोन करणाऱ्यांना तर अशी यादी म्हणजे आयते घबाडच आहे. माणसाचे नाव, हुद्दा, कारखाना, तो अमुक तारखेच्या बैठकीला जाणार आहे हे, आणि त्याचा आधार क्रमांक हातात असेल, तर ‘बैठकीच्या कार्यालयातून बोलतो आहे, तुमची नोंदणी अपुरी आहे, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आल्यावर सावध माणूससुद्धा क्षणभर विश्वास ठेवील. सुरक्षा वाढवण्यासाठी बोलावलेल्या बैठकीच्या नोंदणीतूनच ही सामग्री तयार व्हावी, ही फार गंभीर बाब आहे.

नोंदणीच नको, असे मी म्हणत नाही. सभागृहात किती खुर्च्या लावायच्या आणि किती जणांचे जेवण सांगायचे, हे आयोजकांना आधी कळले पाहिजे. बैठकीचा वृत्तांत पाठवायला ईमेल लागतो, आणि आणीबाणीत कोणाशी बोलायचे हे ठरवायला कारखान्याच्या जबाबदार माणसाचा क्रमांक लागतो. बैठक मुरगाव बंदराच्या आवारात असेल, तर प्रवेशपासासाठी ओळखपत्राचा आणि वाहनाचा तपशील द्यावाच लागेल, कारण जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता 1 जुलै 2004 पासून लागू आहे आणि प्रवेशावर नियंत्रण ठेवणे हा तिचा कणा आहे. पण तो तपशील प्रवेशद्वारावरील यंत्रणेपुरता घ्यावा, तिच्याकडेच द्यावा आणि बैठक संपल्यावर आयोजकांनी आपल्याकडील प्रत नष्ट करावी. पणजीतील एखाद्या सभागृहात भरणाऱ्या बैठकीसाठी आधार क्रमांक साठवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. दारावर कोणतेही छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहून यादीतील नावावर खूण केली की काम भागते. आधारच हवे असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार उपलब्ध आहे.

रसायनांच्या साठ्याची गोष्ट तर आणखी निराळी आहे. घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम भोपाळच्या दुर्घटनेनंतर, 1989 मध्ये आले. त्यांनुसार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या कारखान्यांना आपल्या जागेची आणि साठ्याची माहिती संबंधित प्राधिकरणाला द्यावीच लागते, आवारातील आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा लागतो, आणि साठा त्याहूनही मोठा असेल तर सुरक्षा अहवालही सादर करावा लागतो. पुढे 1996 च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमण्याची व्यवस्था घालून दिली. म्हणजे ही माहिती सरकारकडे रीतसर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याने आलेली असते. तीच माहिती पुन्हा बैठकीच्या फॉर्मवर, कोणी कारकून किंवा पर्यवेक्षक आठवेल तशी भरणार आणि ती मूळ नोंदीशी जुळणार नाही, तर उद्या अग्निशामक दलाने कोणता आकडा खरा मानायचा? ज्या आयोजकांना हा तपशील खरोखर हवा असेल त्यांनी तो कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडून मागवून घ्यावा.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. कारखान्याच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या गावकऱ्यांना आत कोणते रसायन आहे, ते हवेत मिसळले तर काय होते, भोंगा वाजल्यावर कोणत्या दिशेने जायचे, हे कळलेच पाहिजे. 1989 च्या नियमांतही अपघाताची झळ बसू शकेल अशा लोकांना माहिती देण्याची जबाबदारी सांगितलेली आहे, आणि आमच्यापैकी अनेक कारखाने ती जेमतेमच पाळतात, हे मला मान्य करावे लागेल. गुप्ततेच्या नावाखाली ती माहिती दडवली जाऊ नये. परंतु रात्रपाळीला रखवालदार किती आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात न येणारा कोपरा कोणता, हे कळून गावकऱ्यांच्या सुरक्षिततेत काहीच भर पडत नाही. नागरिकांना द्यायची माहिती आणि राखायची माहिती यांतील हा फरक फॉर्म तयार करणाऱ्याने लक्षात ठेवला पाहिजे.

कायदाही याच दिशेने जातो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्या अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यानुसार, सांगितलेल्या हेतूसाठी जेवढी माहिती आवश्यक आहे तेवढ्यापुरतीच संमती धरली जाते. कायद्यातच त्याचे उदाहरण दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सेवेच्या ॲपने रुग्णाच्या मोबाईलमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटले, तरी ती यादी उपचारासाठी लागत नसल्याने ती संमती तेवढ्यापुरती गृहीत धरली जात नाही. बैठकीला येणाऱ्याचा रक्तगट आणि घरचा पत्ता यांना हेच माप लावून पाहावे. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद या कायद्यात आहे. काही सरकारी कामांना त्यात सवलती आहेत हे खरे, पण सवलत मिळेल म्हणून निष्काळजीपणा करावा, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणे बंधनकारक आहे, आणि ते निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. उद्योगांना बैठकीत हा नियम समजावून सांगणाऱ्या खात्यांनी स्वतःच्या नोंदणी यादीच्या बाबतीतही तो पाळायला हवा.

या बाबतीत अमेरिकेतील एक पद्धत मला अनुकरणीय वाटते. तेथील 1980 च्या आणि 1995 मध्ये नव्याने केलेल्या कागदपत्रे कमी करण्याच्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक लोकांकडून एकाच प्रकारची माहिती घ्यायची असेल, तर केंद्रीय खात्याला आधी राजपत्रात सूचना देऊन 60 दिवस लोकांची मते मागवावी लागतात, नंतर पुन्हा 30 दिवसांची सूचना काढावी लागते आणि अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. माहिती का हवी, ती भरायला एका माणसाला किती वेळ लागेल, हे सूचनेत सांगावे लागते. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर छापलेला नसेल, तर तो न भरल्याबद्दल कोणाला शिक्षा करता येत नाही. तेथील अंतर्गत सुरक्षा खात्याने महत्त्वाच्या पायाभूत क्षेत्रांतील उद्योगांच्या बैठकांसाठी केलेल्या ऑनलाइन नोंदणीच्या साधनाबाबतही अशी सूचना राजपत्रात दिली होती. बैठकीच्या नोंदणीसारख्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवरही लोकांचे मत विचारले जाते, यातील आदर मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे 90 दिवस थांबणे शक्य नसेल. पण नवा फॉर्म सुरू करण्यापूर्वी तो दोन आठवडे संकेतस्थळावर ठेवून औद्योगिक संघटनांचे म्हणणे ऐकून घेणे कोणत्याही खात्याला अशक्य नाही.

या सगळ्यात छोट्या उद्योजकांची फार ओढाताण होते. कुंडईत चार-पाच कामगारांनिशी वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला फोन करून विचारले, “अहो, तुम्ही जाता ना त्या बैठकीला? माझे आधार त्यात टाकू की नको? नाही टाकले तर उद्या परवान्याच्या वेळी नाव काढतील का माझे?” वयाने ते मला वडीलधारे आहेत, सिलिंडर कसे हाताळावेत हे त्यांना माझ्यापेक्षा बरे कळते, आणि तरीही त्या फॉर्मच्या धास्तीने ते शेवटी बैठकीला आलेच नाहीत. ज्यांनी यायला हवे तेच अशा रीतीने बाहेर राहतात. त्यांच्यासारख्यांना इंग्रजी फॉर्मवरील बारीक मजकूर वाचायलाही अडचण येते. नव्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय आहे, आणि मराठी व कोकणी या दोन्ही भाषा त्या परिशिष्टात आहेत. तेव्हा गोव्यातील फॉर्म या दोन्ही भाषांत उपलब्ध असणे ही किमान अपेक्षा आहे. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांची नावे फोनवर लिहून घ्यावीत.

राज्य सरकारने उद्योग, कामगार आणि आपत्ती व्यवस्थापनाशी संबंधित सर्व खात्यांना एकच लेखी सूचना काढून सांगावे, की अशा बैठकांची नोंदणी फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावी. तीत नाव, हुद्दा, संस्था आणि संपर्क यांपलीकडचा प्रश्न विचारायचा असल्यास त्याचे कारण त्याच रकान्याखाली लिहावे. माहिती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा आणि कार्यालयाचा फोन क्रमांक फॉर्मवर द्यावा. आणि बैठकीनंतर 30 दिवसांत, वृत्तांत व हजेरीपत्रक वगळता, सर्व तपशील काढून टाकावा. मी उल्लेख केलेल्या बैठकीसाठी गोळा झालेली आधार कार्डांची छायाचित्रे आज कोणाच्या खात्यात, कोणत्या संगणकावर आहेत, याची चौकशी करून ती नष्ट करावीत आणि नोंदणी केलेल्या प्रत्येकाला तसे लेखी कळवावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. पुढच्या बैठकीची लिंक वसाहतींच्या गटांवर येण्यापूर्वी हे होणे शक्य आहे.

आपला विश्वासू,
एक औद्योगिक सुरक्षा अधिकारी, फोंडा