शेवटून पहिला आला, म्हणून संघ बंद? क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

चषक जिंकलेले संघ आपल्या दालनात येतात, शाल-श्रीफळ घेतात, फोटो निघतात. तळाला गेलेला संघ मंत्रालयाची पायरी चढत नाही, म्हणून त्याच्या वतीने मीच हे लिहितो आहे. 2016-17च्या आय-लीगमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दहा संघ होते. अठरा-अठरा सामने झाल्यावर दहाव्या क्रमांकावर होता मुंबई एफसी. 2007मध्ये निघालेला, पिवळ्या जर्सीतला, कूपरेजवर खेळणारा क्लब. तो खालच्या श्रेणीत ढकलला गेला, आणि मालकांनी गाशा गुंडाळला.

त्या हंगामात त्यांचं काय चुकलं, यावर आम्ही चाहते अजूनही वाद घालतो. 2009पासून 2016पर्यंत प्रशिक्षक खालिद जमील यांनी हा संघ सांभाळला. फार पैसा नाही, मोठी नावं नाहीत, बघायलाही तो खेळ काही देखणा नव्हता (एक गोल झाला की सगळे मागे!), पण संघ वरच्या श्रेणीत टिकून राहिला. 2016मध्ये ते गेले. नंतर आलेले संतोष कश्यप हंगाम संपेपर्यंत टिकले नाहीत, मग स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. कुणालाच गाडी रुळावर आणता आली नाही. आणि जमील? ते गेले मिझोरामच्या ऐजॉल क्लबाकडे, आणि त्याच 2016-17च्या हंगामात ऐजॉल आय-लीगचा विजेता ठरला. पुढे 2025मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. मुंबईकराला हे डाचणारच.

पण मला आपल्यापुढे मांडायचंय ते ऐजॉलच्या त्याआधीच्या वर्षाबद्दल. 2015-16मध्ये हाच ऐजॉल आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, म्हणून ऐजॉलला परत बोलावणं आलं. ते आलं तेव्हा क्लब जिवंत होता, हे महत्त्वाचं. घसरल्यावर त्यांना खेळायला मिझोरामची स्वतःची प्रीमियर लीग होती, मैदान होतं, त्या मैदानावर येणारी माणसं होती. क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयते 2018मध्ये मिझोरामचे क्रीडा राज्यमंत्रीही झाले. आपण एखादा क्लब विकत घ्यावा असं माझं मुळीच म्हणणं नाही, पण हरलेल्या संघाचं दुखणं जाणणारा माणूस त्या खुर्चीत बसू शकतो, एवढंच.

मुंबई एफसीकडे यातलं काय होतं? कूपरेजच्या त्या हंगामातल्या दुपारी आठवतात. तापलेल्या कृत्रिम हिरवळीचा रबरी वास स्टँडपर्यंत यायचा, खेळाडू मोजे झटकायचे तेव्हा काळे दाणे खाली पडायचे, आणि प्रेक्षक इतके कमी की गोलरक्षकाने बचावपटूला हासडलेली शिवी आम्हाला स्पष्ट ऐकू यायची. मंत्रालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खातं त्या वर्षी फुटबॉलच्याच कामात होतं, हेही सांगायला हवं. सतरा वर्षांखालील विश्वचषक नवी मुंबईत येणार होता आणि 15 सप्टेंबर 2017ला सरकारने राज्यात दहा लाख मुलामुलींना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. उपक्रम चांगलाच होता. फक्त त्यातल्या एखाद्या पोराने विचारलं असतं की आय-लीगमध्ये खेळायचं तर आपल्या राज्यात कुठल्या क्लबात जाऊ, तर उत्तर अवघड होतं. मुंबई एफसी संपला होता. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्सही त्या हंगामानंतर आय-लीगमध्ये दिसला नाही.

पुण्याची यादी तर लांबलचक आहे. पुणे एफसी 2012-13मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, 2015मध्ये संपला. भारत एफसीने 2014-15चा एकच हंगाम खेळला, तळाला राहिला, संपला. मग एफसी पुणे सिटी. इंडियन सुपर लीगमधली ही फ्रँचायझी 2019मध्ये पैशांअभावी विकली गेली आणि हैदराबादला गेली. तिथे 2022मध्ये विजेती ठरली, आणि त्या संघात अनिकेत जाधव होता. आपल्या कोल्हापूरचा, बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला मुलगा. दोनच वर्षांत, 2023-24मध्ये, तिथेही पगार थकले, चांगले खेळाडू निघून गेले, आणि 22 सामन्यांत फक्त एक विजय मिळाला. 2025मध्ये तोच संघ उठून दिल्लीला गेला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या संघाचं हरणं-जिंकणं कुणी मनावर घ्यायचं?

‘हे खासगी कंपन्यांचे व्यवहार आहेत, सरकार काय करणार,’ असं आपले अधिकारी सांगतील. ‘इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी आहे ना,’ असंही म्हणतील. आहे, आणि दोन वेळा चषकही जिंकून बसला आहे. पण 2011च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्याने एका श्रीमंत क्लबावर समाधान मानायचं का? कोल्हापुरात जाऊन बघा. पेठांमधल्या तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. यांतला कुणीतरी दर वर्षी हरतोच, शाहू स्टेडियममधून मान खाली घालून पेठेत जातो आणि पुढच्या हंगामात पुन्हा उतरतो. तालीम कुणी बंद करत नाही, कारण ती पेठेची आहे आणि मैदान गावात आहे.

मालकांच्या तिजोरीत पैसे आपण टाकू शकत नाही, टाकूही नयेत. भारतीय फुटबॉल फेडरेशनचा गोंधळही आपल्या अखत्यारीतला नाही. मैदान मात्र आहे. 1994च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं संकुल राज्य सरकारचं आहे, वर नावं घेतलेल्या पुण्याच्या बहुतेक संघांनी तिथेच सामने खेळले आहेत. तेव्हा मागणी अशी: राष्ट्रीय लीगच्या कुठल्याही श्रेणीत खेळणाऱ्या राज्यातल्या क्लबाला शासकीय मैदान किमान पाच वर्षांच्या कराराने द्यावं, आणि त्याचे घरचे सामने हंगामाआधीच वेळापत्रकात राखून ठेवावेत. भाडं तिकीट-विक्रीच्या प्रमाणात घ्यावं. संघ खालच्या श्रेणीत घसरला तरी करार मोडू नये, ही अट त्यात शब्दशः लिहावी. आणि बदल्यात क्लबाने जवळच्या शाळांतल्या मुलांचे वयोगटाचे संघ चालवावेत. ते बंद केले तर करारही रद्द.

यासाठी वेगळी योजना, नाव, लोगो, उद्घाटन काही लागणार नाही. एक शासन निर्णय पुरेल. पुढच्या हंगामाची तयारी सुरू व्हायच्या आत तो निघाला, तर खालच्या श्रेणीत अर्ज करायला बिचकणारे दोन-तीन क्लब तरी पुढे येतील, असं मला वाटतं. त्यातला एखादा पहिल्याच वर्षी शेवटून पहिला येईल, त्याचीही तयारी ठेवा.

कळावे,

आपला,
एक फुटबॉलप्रेमी करदाता