रेडिओ ठेव, पण फवारणीचा पंपही ठेव

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

तुझी यादी मिळाली. शाळेच्या पंचाहत्तरीला गावच्या जुन्या वस्तूंची एक खोली मांडायची, हे तू पुण्यात राहून मनावर घेतलंस याचा मला फार आनंद झाला. रेडिओ, तबकड्या, टेरिलिनचा शर्ट, टुरिंग टॉकीजची तिकिटं, लग्नातले फोटो, सगळं ठेवू. पण १९४५ ते १९७० या काळात गावात काय बदललं असं आपल्या नातवंडांनी विचारलं, तर या यादीतून त्यांना अर्धंच उत्तर मिळेल. तू आणि मी आज म्हातारे होऊन एकमेकांना पत्रं लिहितो आहोत, ते ज्यांच्यामुळे, त्यातली एकही गोष्ट तुझ्या यादीत नाही. म्हणून हे लांब पत्र.

आधी रेडिओबद्दल. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं, म्हणजे आपल्याच वयाचं. गावात वीज नव्हती, म्हणून वाड्यातला तो वाल्वचा रेडिओ मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की यवतमाळहून नवी येईपर्यंत मुका. केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळपास बंदच झाली, तेव्हा साऱ्या देशानं काटा रेडिओ सिलोनवर वळवला. बुधवारची रात्र, बिनाका गीतमाला आणि अमीन सायानींचा आवाज, हे तुला सांगायला नको. मग १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती आली. पण कोणी ओसरीवर बसून ऐकायचं आणि कोणी अंगणाबाहेर उभं राहून, हे त्या वाड्यात ठरलेलं होतं. खोलीत नुसता रेडिओ ठेवलास तर ही गोष्ट दिसणार नाही. ती बदलली ट्रान्झिस्टरनं. वाल्व तापवायला बरीच वीज लागते, ट्रान्झिस्टरला तापवावं लागत नाही, म्हणून तो टॉर्चच्या सेलवर चालतो. अमेरिकेत १९४७ साली लागलेला हा शोध आपल्याकडच्या जागलीच्या माळ्यावर पोचायला वीसेक वर्षं गेली, पण पोचला तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी पोचला. तेव्हा रेडिओशेजारी ट्रान्झिस्टर ठेव, आणि खाली अंगणाबाहेरच्या माणसांबद्दल दोन ओळी स्पष्ट लिही.

कपड्यांबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. आपण पऱ्हाटीच्या मुलखातले. बैलगाडीनं कापूस जिनात न्यायचा, गाठी शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरकडे जायच्या, आणि त्याच पैशात पोराच्या लग्नाला टेरिलिन घ्यायचं! इंग्लंडात १९४१ साली शोधलेला तो धागा. कापूस हवेतली ओल सात-आठ टक्के धरतो, टेरिलिन अर्धा टक्काही धरत नाही. मग मे महिन्यातल्या मांडवात नवरदेवाचं काय होत असेल? पण आईच्या नायलॉनच्या पातळाला मी नावं ठेवणार नाही. ओलं नऊवारी लुगडं उचलताना तिचे खांदे भरून यायचे. उन्हाळ्यात नाल्याला पाणी नसे. नायलॉन अर्ध्या बादलीत निघायचं आणि स्वयंपाक होईतो वाळायचं. शहरात ती फॅशन असेल, आमच्या घरी ती आईच्या पाठीची सुटका होती.

चक्कीचंही तसंच. डिझेल इंजिनाची चक्की आली आणि पहाटेचं जातं थांबलं. ओव्या गेल्या म्हणून लोक हळहळतात, मलाही त्या आठवतात. पण घरभर माणसांची ज्वारी अंधारात दळणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिनं चक्कीच मागितली असती.

आता मुख्य गोष्ट. हातपंप खांद्यावर घेऊन येणारे फवारणीवाले तुला आठवतात ना? एक जण पंप मारायचा, दुसरा नळी धरून भिंतीवर डीडीटी फवारायचा, आणि जाताना दारावर तारीख टाकून जायचे. देशात स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा कार्यक्रम निघाला, १९५८ साली निर्मूलनाचा. डास रक्त पिऊन भिंतीवर टेकतो, म्हणून भिंतीच्या चौरस मीटरला एक ग्रॅम औषध. माझी आजी पांढरे डाग पाहून चिडायची, "घर इटायलं बाप्पा," म्हणायची आणि सणाला भिंती सारवून टाकायची. तिला कोणी नीट समजावलंच नाही की सारवणाखाली औषध दबतं. तरीही १९६५च्या सुमारास देशातला आकडा लाखाच्या आसपास आला होता. पुढे ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ला पुन्हा चौसष्ट लाख रुग्ण झाले. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात हवेत. कमावलेलं कसं हातचं जातं, हे मुलांना कळलंच पाहिजे.

देवीचं तर काय सांगू! घरात देवी आल्या की दाराला कडूनिंबाचा डहाळा, फोडणी बंद, आणि आईचा जीव टांगणीला. माझ्या आधीची दोघं भावंडं गेली, एक देवीनं, एक तापानं. त्यांची नावं आई अखेरपर्यंत रोज घ्यायची. १९६२ला देवी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि १९७५च्या मे महिन्यानंतर या देशात देवीचा रोगी सापडला नाही. हजारो वर्षांचा रोग, आणि तो संपताना आपण उघड्या डोळ्यांनी पाहिला. याच्यापुढे कुठला सिनेमा?

आणि पेनिसिलिन. तू राहतोस तिथून जवळच, पिंपरीला, १९५५ साली सरकारी कारखान्यात ते तयार होऊ लागलं. आमच्या धाकट्या आत्याला बाळंतपणानंतर ताप चढला तेव्हा घरात रडारड सुरू झाली होती, कारण त्या तापातून बाई उठते हे कोणी पाहिलंच नव्हतं. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळून कंपाउंडरनं सुया दिल्या. आत्या उठली. "सुईनं वाचली पोरगी," हे वाक्य आजी पुढं सगळ्या गावाला सांगत असे, आणि तीच आजी मग लसवाल्याला घरी बोलावून चहा पाजायची. क्षयाचंही असंच. मद्रासच्या केंद्रानं १९५९ साली दाखवून दिलं की गोळ्या-औषधं नीट घेतली तर रोगी घरी राहूनही बरा होतो. आपल्या शेजारच्या वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोग्यांसाठी, म्हणजे कुष्ठरोग्यांसाठी, आनंदवन उभं केलं. डॅप्सोनच्या गोळीनं महारोग्याला गावाबाहेर काढायचं कारणच संपत आलं होतं, पण गावाचं मन त्या गोळीइतकं लवकर बदललं नाही.

तर माझं म्हणणं असं: समोरची मोठी भिंत औषधांना दे. फोटो मिळणार नाहीत, कारण फवारणीवाल्याचा फोटो कोण काढणार? पण वस्तू मिळतील. आरोग्य केंद्राच्या अडगळीत पंप असेल, मी विचारतो. काचेची सिरिंज इथल्या एका जुन्या दवाखान्यात आहे, ती मागून घेतो. गावातल्या म्हाताऱ्यांच्या दंडावरचे देवी टोचल्याचे वण अजून आहेत. त्यांचे फोटो माझा नातू मोबाइलवर काढून देईल. आणि मधोमध एक पाटी लावू, घरोघरच्या त्या लेकरांच्या नावांची, जी वाचली नाहीत. मी इथल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन लिहून घेतो आहे. विचारलं की एक क्षणही न थांबता नाव सांगतात.

तुझ्या आक्काला विचार, तुझ्या आधीच्या भावाचं नाव काय होतं आणि तो कोणत्या साली गेला. पाटी रंगवायला टाकायची आहे, तेव्हा उत्तर लवकर धाड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाकावरचा सोबती