लंडनहून सौरभला: फिशआय, टेप आणि चाकांचा आवाज

लंडन

प्रिय सौरभ,

आई-बाबांना नमस्कार सांग. आजीच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तू पाठवलेल्या स्केटबोर्डिंगच्या क्लिप्स पाहिल्या. किकफ्लिप, म्हणजे बोर्ड हवेत फिरवायची ट्रिक, स्वच्छ आहे, पाय बोर्डच्या बोल्टवर बसतात. पण वर चढवलेला तो जुन्या कॅसेटचा फिल्टर काढून टाक. नव्वदच्या दशकातले स्केट व्हिडिओ आजही अंगावर काटा आणतात, ते पडद्यावरच्या रेघांमुळे नाही. कॅमेरा किती जवळ होता आणि त्यात आवाज कसा आला, सगळी जादू त्यात आहे.

सोनीचा व्हीएक्स १००० हा कॅमेरा १९९५ साली आला. तीन सीसीडी (चित्र टिपणाऱ्या चिप), मिनीडीव्ही नावाची छोटी डिजिटल टेप, वर हँडल. उघडून बघायचा स्क्रीन नाहीच, फक्त व्ह्यूफाइंडर. म्हणून स्केटरच्या मागे जाताना हँडल धरून कॅमेरा गुडघ्याखाली न्यायचा आणि नेम अंदाजाने धरायचा. पुढे सेंच्युरी ऑप्टिक्स कंपनीची फिशआय, म्हणजे फार रुंद टिपणारी फुगीर लेन्स, लावली की कोपरे काळे पडतात, पायऱ्या उंच वाटतात आणि बोर्ड थेट अंगावर येतो. माइक कॅमेऱ्यावरच असल्यामुळे टेल (बोर्डचं मागचं टोक) आपटल्याचा टक्क आवाज आणि चाकांची घरघर तितक्याच जवळून येते. आजही लोक हा कॅमेरा शोधतात त्यात या आवाजाचा वाटा फार मोठा आहे. तू मात्र गाणं इतकं चढवलंस की चाकं ऐकूच येत नाहीत. गाणं खाली आण.

शूट करणाऱ्याचा बोर्ड वेगळा हवा. तुझी चाकं ९९ए कडकपणाची आहेत, ती ट्रिकसाठी ठीक. तुला शूट करणाऱ्या अमेयने मागून येताना ७८ए ते ८७ए ची मऊ आणि जरा मोठी, ५६ ते ६० मिलिमीटरची चाकं लावावीत. कडक चाकांवरून शूट केलं की चित्र थरथरतं आणि त्याच्याच चाकांचा आवाज तुझ्या आवाजावर चढतो.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर सांगली-मिरजेत लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे विचार. मिनीडीव्हीचा कुठलाही चांगला तीन-सीसीडी कॅमेरा चालेल, व्हीएक्सचाच हट्ट नको. पैसे देण्याआधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर भरलेली टेप त्यात लावून बघ. चित्रात आडवे पट्टे आले तर टेप वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक मळलेलं असतं. क्लीनिंग टेप दहा सेकंद चालवून पट्टे गेले तर ठीक. दोन-तीनदा करूनही राहिले तर हेड झिजलंय, सोडून दे. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघ, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या टेप कुणी फुकट दिल्या तरी कॅमेऱ्यात घालू नकोस, त्यातला गाळ हेड खातो. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव. तांदळात अजिबात नको, त्याची पूड आत जाते.

रेकॉर्डिंग एसपीमध्येच, म्हणजे टेपच्या नेहमीच्या वेगात, कर. एलपीमध्ये, म्हणजे संथ वेगात, ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसतात खरी, पण ती दुसऱ्या मशीनवर नीट चालतीलच असं नाही. संगणकावर घेताना फायरवायर केबल लागते, तासाभराच्या टेपला तासभरच जातो आणि साधारण १३ जीबी जागा लागते. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची, फाइल ७२० बाय ५७६ असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. ७६८ बाय ५७६ करून बघ. ती १६:९ मध्ये ताणली की माणसं बुटकी, रुंद दिसतात. जुन्या क्लिप्सची सगळ्यात जास्त वाट यानेच लागलेली आहे. पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम) असतात. ती सुटी करून ५० फ्रेम केल्या आणि २५ ने चालवल्या की निम्म्या वेगाचं गुळगुळीत स्लो मोशन मिळतं.

आता फोटो. स्केट फोटोत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: स्केटर कुठून आला, कशावरून गेला, कुठे उतरणार. तुझ्या घाटावरच्या फोटोत तू हवेत आहेस, पण खाली जमीनच नाही. किकफ्लिपमध्ये बोर्ड उलटा असताना टिपू नये. पाय बोर्डला परत लागतो, तो क्षण धरायचा. आणि ट्रिक उतरली नसेल तर तो फोटो कुठेही टाकायचा नाही. या बाबतीत मी कडक आहे, आणि हा खेळ जपणारे सगळेच कडक आहेत.

फोटोला ट्रिक लागतेच असंही नाही. फोटोग्राफर ग्रँट ब्रिटनने काढलेला स्केटर टॉड स्वँकचा फोटो जून १९८७ च्या ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. त्यात तो नुसता पाय मारत पुढे चाललाय. उडी नाही, कठडा नाही. तरी स्केटबोर्डवर निघाल्याचा सगळा आनंद त्यात आहे, म्हणून तो अजून भिंतींवर लागतो.

फ्लॅशचं गणित सोपं आहे. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ३६ चा फ्लॅश पूर्ण ताकदीवर, आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ ११ ठेवलं तर साधारण ३.३ मीटरपर्यंत पुरतो. ताकद पाव केली की अंतर निम्मं. तुमच्या घाटावर संध्याकाळचं ऊन नदीकडून येतं. एक फ्लॅश त्याच्या उलट बाजूला, स्केटरच्या मागे ठेव. दुसरा पुढून, थोडा बाजूला. उन्हाचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव, होईपर्यंत थांब, नाहीतर हातापायांभोवती भुतासारखी सावली येते. क्षितिज फ्रेमच्या मधोमध ठेवलंस तर फिशआयमध्येही ते सरळ राहील; वर-खाली सरकलं की मागचा नदीवरचा आयर्विन पूल वाकलेला दिसणार. देवळाच्या पायऱ्या मात्र सोड, तिथे बोर्ड नको.

इथे साउथबँकला, क्वीन एलिझाबेथ हॉलच्या खाली, सत्तरच्या दशकापासून पोरं स्केट करतायत. २०१३ मध्ये त्यांना हलवून तिथे दुकानं काढायचा बेत होता. लोकांनी मोहीम उभारली आणि २०१४ मध्ये जागा वाचली. या जागेचे कितीतरी वर्षांचे फोटो आणि टेप लोकांनी जपून ठेवलेत. म्हणून तुझ्या प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि जागा टाक, आणि मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेव.

घाटावरचा फोटो परत काढ, या वेळी जमीन आणि उतरायची जागा घेऊन. एडिट न केलेली फाइल पाठव, मेसेजवर नको, ड्राइव्हवर.

तुझी,
ताई