बाबांच्या तपासणीआधी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीत घरी होते तेव्हा बाबा रात्रीतून पाच वेळा उठले. पॅसेजमधला दिवा लागला की मी मोजत होते. मला स्टँडवर सोडायला येण्याआधी तर त्यांनी सकाळचा चहासुद्धा टाळला होता. बाबा, मुलीशी हे बोलणे तुम्हाला अवघड जाते, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

रिपोर्टप्रमाणे तुमची प्रोस्टेट ग्रंथी ५८ ग्रॅमची आहे (तरुणपणी ती साधारण २० ग्रॅमची असते) आणि लघवीला जाऊन आल्यावरही मूत्राशयात १६० मिली शिल्लक राहते. टॅम्सुलोसिनच्या गोळीने धार थोडी सुधारली, पण रात्रीचे उठणे कमी झाले नाही. काकांचे झाले ते दुर्बिणीतून ग्रंथी खरवडण्याचे ऑपरेशन आजही भरवशाचे मानतात आणि लेसरने आतला गाभा सोलून काढण्याची पद्धत खूप मोठ्या ग्रंथीलाही चालते. मात्र भूल, रुग्णालयातला मुक्काम आणि रक्तस्रावाची धास्ती यांमुळेच तुम्ही विषय टाळत आला आहात.

त्याहून सौम्य उपाय आता आहेत. रेझूममध्ये मूत्रमार्गातून सुई नेऊन ग्रंथीत एकेका ठिकाणी ९ सेकंद पाण्याची वाफ सोडतात. वाफेने मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते, म्हणून पुरता फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात आणि सुरुवातीचे काही दिवस लघवीची नळी ठेवावी लागते. यूरोलिफ्टमध्ये काहीच कापत नाहीत. पडदा बाजूला सारून बांधावा, तशी वाढलेली ग्रंथी बारीक क्लिपांनी ओढून धरतात. शिवाय मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून सूक्ष्म कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी करण्याचीही एक पद्धत आहे. या उपायांत शरीराला त्रास कमी, पण आराम सहसा खरवडण्याइतका पडत नाही आणि काही वर्षांनी पुन्हा काही करावे लागण्याची शक्यता अधिक असते. पेपरात ‘एका दिवसात मुक्ती’ म्हणून जे छापून येते, त्यात हे वाक्य नसते.

माझे मन वाफेच्या उपायाकडे झुकते, कारण ग्रंथीचा आकार त्यात बसतो. परंतु आधी धारेचा वेग मोजून घेऊ. मूत्राशयाच्या स्नायूतच जोर उरला नसेल, तर वाट मोकळी करूनही धार सुधारेलच असे नाही, आणि हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायला हवे.

मोतीबिंदूच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू असल्याचे अवश्य सांगा. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिले पडते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आई, सर्दीची गोळी त्यांना परस्पर देऊ नकोस, काही गोळ्यांनी लघवी एकदम तुंबते.

मापाचा मग पार्सलने पाठवला आहे. तपासणीआधी तीन दिवस किती वाजता आणि किती मिली, एवढेच वहीत लिहायचे. बाबा कंटाळतील, तेव्हा वही तू सांभाळ.

तुमची,
ताई