जुनं आहे तसंच दाखवा, वाजवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवा टीव्हीवर 'सामना' सिनेमा लागला होता, १९७५ चा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि चॅनलवाल्यांनी तो नव्या रुंद स्क्रीनला बसवायला असा ताणलेला की निळूभाऊ आणि डॉ. लागू दोघंही चपटे दिसत होते, अहो त्या सिनेमात निम्मं काम चेहरेच करतात! बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत ना.

गाण्यांचं पण तेच. त्याच वर्षीचं क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' जवळपास सहा मिनिटांचं आहे, इतकं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार असं तेव्हा म्हणत होते आणि ते नंबर वन झालं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आता मोबाईलवर पोरं त्यातला तीस सेकंदांचा तुकडा ऐकतात, मधला ऑपेरा गायबच, मग हेवी गिटार घुसते तेव्हा अंगावर काटा येणार कसा?

आमच्या रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह आहे, पावसाळ्यात कोणीतरी तिथे महिन्यातून एकदा जुना सिनेमा पूर्ण, न कापता दाखवावा. चिपळूण, राजापूरहून पण लोक येतील, मी तर पहिल्या रांगेत बसेन.

- एक वाचक, रत्नागिरी